यंदा आमच्याकडे दसरा नव्हता

गाडी तिची होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण विकायला काढल्यावर जो तो मलाच विचारायचा, "ॲव्हरेज किती देते?" मला काय माहीत. मला गाडी येत नव्हती. आजही येत नाही. लग्नानंतर दोनदा शिकायला बसलो, दोन्ही वेळा शिकवणाऱ्यानेच हात जोडले. मग बायको शिकली, स्वतःच्या पगारातून साठवून तिने गाडी घेतली, आणि मी डावीकडे बसू लागलो.

आम्ही मराठवाड्यातले. माझी नोकरी हिंजवडीत, तिची शाळा पौडला, आणि राहायला नेऱ्यात. घरमालकांनी थोडं शेत विकून तीन मजले चढवले होते, उरलेल्या शेतात भात लावायचे. आमच्या खिडकीतून एका बाजूला भात दिसायचा आणि दुसऱ्या बाजूला सिमेंटचे मिक्सर. सकाळी ती मला कंपनीच्या गेटवर उतरवायची आणि माण, घोटावडे करत पौडला जायची. बायको गाडी चालवते आणि नवरा मांडीवर डबा घेऊन शेजारी बसतो, याची गावात चर्चा होती. घरमालक एकदा सरळच म्हणाले, "सायेब, तुमी गाडीवं क्लिनर हाय का वो?" ती आठवडाभर हसत होती. पुढे कितीतरी दिवस मला घरात क्लिनर हेच नाव होतं.

२००९ च्या उन्हाळ्यात ती गेली. रविवारची सकाळ होती, ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "डोकं फार दुखतंय" म्हणाली आणि पलंगावर टेकली. संध्याकाळी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मेंदूतली रक्तवाहिनी, ते म्हणाले. मी मान हलवली. त्यांनी विचारलं, "तुम्हाला समजतंय ना मी काय म्हणतोय?" मी म्हटलं, समजतंय. खरंच समजत होतं. फक्त त्याच्यापुढे काहीच होत नव्हतं.

मी रडलो नाही. लोक वाट बघत होते, हे मला कळत होतं. पुढेही तसंच राहिलं. सकाळी उठायचं, दाढी करायची, कंपनीची बस पकडायची, कँटीनमध्ये ताटात येईल ते खायचं. भाजी कसली होती, हे ताट ठेवून येईपर्यंत विसरलेलं असायचं. दुःख होतं असंही म्हणवत नाही. दाताच्या डॉक्टरकडे इंजेक्शन दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तसा मी अख्खाच मला माझा वाटत नव्हतो.

गाडी खाली पार्किंगमध्ये उभी होती. बॅटरी उतरू नये म्हणून घरमालक अधूनमधून ती चालू करून ठेवायचे. त्यांचं पोट आणि तिची सीट यांचा मेळ बसत नव्हता. बायको बुटकी होती. सीट पार पुढे ओढून, खाली उशी ठेवून चालवायची. घरमालक सीट मागे सारायला गेले तेव्हा मी म्हटलं, "राहू द्या, हलवू नका." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सीटचा नाद सोडला. तेव्हापासून ते बाहेर उभं राहूनच आत हात घालून किल्ली फिरवायचे.

"उभ्या उभ्या सडंल ती," ते म्हणायचे. "इकून टाका, सायेब."

विकायचीच होती. तिची आई अंबाजोगाईला एकटी राहायची आणि ही दर महिन्याला तिला पैसे पाठवायची. म्हातारीच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं तिने ठरवलं होतं. "दिवाळीच्या सुट्टीत घेऊन येते," असं आईला सांगितलंही होतं. गाडीचे पैसे त्या गुडघ्यांना द्यायचे, एवढं मी ठरवलं. तिच्यासाठी करता येण्यासारखं हे एकच काम माझ्याकडे उरलं होतं. ते बिघडलं असतं तर दुसरं नव्हतं.

गाडी आधी माझ्या नावावर करून घ्यावी लागली. त्यात पावसाळा गेला. मग ऑफिसमधल्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीने मला एका फुकट जाहिरातींच्या वेबसाइटवर खातं काढून दिलं. फोटो तिनेच चढवले. "सर, तुमचा मोबाइल नंबर टाकू?" तिने विचारलं. टाक म्हटलं. आठ-दहा तासांतच मला जगातले सगळे भामटे भेटायला लागले.

पहिलं ईमेल एका जहाजावरच्या इंजिनिअरचं आलं. गाडी न बघता त्याला ती पसंत होती. किमतीपेक्षा बराच मोठा चेक पाठवतो, वरची रक्कम तुम्ही माझ्या ट्रान्सपोर्टवाल्याला द्या, तो गाडी उचलून नेईल, असा प्रस्ताव होता. मी उत्तर लिहिलं की आमच्या नेऱ्यात जहाज लागत नाही. शेजारच्या मुलीने ते वाचून कपाळाला हात लावला.

"सर, उत्तरच द्यायचं नाही अशांना. तो चेक तुमच्या खात्यात जमा दिसेल, तुम्ही वरचे पैसे खिशातून देऊन बसाल, आणि मग कळेल चेक खोटा होता. बँक ते परत तुमच्याकडूनच काढून घेते."

"पासबुकात जमा दिसला तरी?"

"दिसला म्हणजे आला असं नाही. क्लिअर व्हायला पाहिजे. आणि तोवर किल्ली द्यायची नाही, कोऱ्या कागदावर सही करायची नाही, काही नाही."

मी सगळं ऐकून घेतलं. माझ्या निम्म्या वयाची असेल, पण माझ्याशी ती आई असल्यासारखी बोलायची, आणि माझी काही हरकत नव्हती. तिने चेकचं सांगितलं, जास्तीच्या पैशांचं सांगितलं, माझा पासवर्ड विचारणाऱ्यांचं सांगितलं. बँकेच्या ड्राफ्टचं मात्र तिने काही सांगितलं नाही. ड्राफ्ट म्हणजे रोकड, असं तेव्हा आम्ही सगळेच धरून चाललेलो होतो. चेक परत येतो, ड्राफ्ट येत नाही. माझे वडील असं म्हणायचे, घरमालक असं म्हणायचे, मीही तेच म्हटलं असतं.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात तो आला. उंच, पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. नाशिककडचा आहे म्हणाला, नुकतीच बदली झाली, वाकडला फ्लॅट घेतलाय. जाहिरात बघून आलेले बाकीचे लोक टायरला लाथा मारायचे आणि किंमत पाडायचे. याने तसलं काही केलं नाही. "वहिनींची गाडी होती का?" त्याने विचारलं, आणि मी हो म्हटल्यावर बॉनेटवर टेकवलेला हात काढून घेतला. मला तो आवडला.

चक्कर मारू म्हणाला. मी सवयीने डावीकडे जाऊन बसलो. ती गेल्यानंतर पहिल्यांदाच बसत होतो, हे दार लावल्यावर लक्षात आलं. नेहमीप्रमाणेच ते एका झटक्यात लागलं नव्हतं. तो तिच्या जागेवर बसला, आणि त्याने सीट हलवली नाही. त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागत होते, खांदे आवळलेले होते, उशीमुळे डोकं छताला टेकत होतं. तसाच तो मारुंजीपर्यंत गेला आणि वळून आला. मला वाटलं, माणसाला कळलंय. ही सीट हलवायची नसते, हे न सांगता कळणारा हा पहिलाच माणूस. मी मनातल्या मनात त्याचे आभार मानले.

त्याने भाव केला नाही. फक्त एक अट घातली: गाडी दसऱ्यालाच न्यायची. घरातली पहिली गाडी दसऱ्याला दारात यावी, अशी बायकोची फार इच्छा आहे, म्हणाला. पैशांचा ड्राफ्ट घेऊन येतो, तुमच्या हातात ठेवतो आणि गाडी नेतो. घरमालक शेजारीच उभे होते. ते खूश झाले.

"लई चांगला दिस हाय. ड्राफ्ट म्हंजी रोकच की. सायेब, दिऊन टाका."

त्या वर्षी रविवारला लागूनच दसरा आला होता. शनिवारी दुपारी बंद झालेली बँक थेट मंगळवारी उघडणार होती. आज हे वाक्य लिहिताना कोणालाही त्यातली गोम दिसेल. तेव्हा मला ती दिसली नाही. घरमालकांनाही दिसली नाही. त्यांनी आयुष्यात जमिनीचे एवढे व्यवहार केले होते, पण चांगल्या दिवशी आलेल्या माणसावर संशय घेणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. जमिनीचा इसार असो की गाडी, दसऱ्याला दिलेला शब्द मोडत नाहीत, हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांच्यापुरता खराही होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी अंबाजोगाईला फोन केला. गाडी उद्या जाते म्हणून सांगितलं. म्हातारी म्हणाली, "जावईबापू, उद्या दारावर तोरणबिरण काही लावू नका हं. वर्षाच्या आत सण धरायचा नसतो. तिला वाटंल, विसरले."

मी बरं म्हटलं. मी देवधर्मातला माणूस नाही. श्राद्धपक्षाचंही माझा भाऊच बघत होता, मी सांगतील तिथे पाटावर बसत होतो. पण फोन ठेवल्यावर ते वाक्य डोक्यात राहिलं. सगळा महिना आजूबाजूला आरास आणि गाणी चालू होती, आणि मला कोणीतरी पहिल्यांदाच सांगितलं होतं की तू यात नाहीस. मला बरं वाटलं.

दसऱ्याच्या सकाळी खाली उतरलो तर गाडी धुतलेली होती. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक होतं, चाकांना हळद लावलेली होती, आणि पुढे झेंडूचा हा जाड हार घातला होता. घरमालकांनी आपला ट्रॅक्टर, जीप, मोटरसायकल पुजली होती आणि त्यातच हिची पूजा उरकली होती. प्रेमानेच केलं होतं. मागच्या दसऱ्याला तिने स्वतः हार ओवला होता, आणि मी दोरा धरून उभा होतो. मी तिथेच उभा राहिलो.

तो आला. रिक्षाने आला, हातात पेढ्यांचा पुडा आणि आपट्याची पानं. "सोनं घ्या सर, सोन्यासारखे राहा," म्हणत त्याने पानं पुढे केली. मी हात पुढे केला नाही. घरमालकांनी ड्राफ्ट त्याच्या हातातून घेतला, उलटसुलट बघितला, आणि आत नेऊन कोयता, विळा नि पहारीबरोबर पाटावर ठेवला. त्यांच्या मंडळींनी त्यावरही हळद-कुंकू वाहिलं. सगळं रीतसर चाललं होतं. फक्त किल्ली माझ्या खिशात होती.

"किल्ली, सर," तो म्हणाला.

मी म्हटलं, "आज नाही."

"म्हणजे?"

"यंदा आमच्याकडे दसरा नाही. वर्षाच्या आत सण नाही. उद्या या."

घरमालक आतून बाहेर आले. "सायेब, आवं दिस टळंल. त्ये पैसं घिऊन आल्यात."

"टळू दे."

मग मी पुढे होऊन गाडीवरचा हार काढला. तो काढताना मला राग आला होता. हाराचा, पेढ्यांचा, पानांचा, चांगल्या दिवसाचा. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं, तर ते हे वाटलं. तो माणूस गोड बोलत राहिला. बायको ओवाळायला दारात थांबली आहे, म्हणाला. मग, ड्राफ्ट तर दिलाय ना, विश्वास नाही का, म्हणाला. मग त्याच्या आवाजातला गोडवा थोडा कमी झाला. मी हार हातात धरून उभा राहिलो. मला त्याच्यावर काडीचाही संशय नव्हता. तो देवाचा माणूस असता तरी मी त्या दिवशी किल्ली दिली नसती.

शेवटी घरमालकांनीच तोडगा काढला. "आवं, असं करा, ड्राफ्ट ऱ्हाऊ द्या हितं देवापुढं. उद्या सकाळच्याला या नि गाडी न्या. आमी हाय की."

तो हसला. नको म्हणायला त्याच्याकडे काही कारण नव्हतं. उद्या येतो म्हणाला, पेढ्यांचा पुडा मात्र आठवणीने परत घेऊन गेला.

मंगळवारी तो आला नाही. फोन बंद होता. घरमालक म्हणाले, आडलं असंल कुटं. दुपारी मी ड्राफ्ट घेऊन बँकेत गेलो, तेही पैसे भरायलाच. काउंटरवरच्या बाईंनी तो बोटांनी चाचपला, उजेडाकडे धरला आणि आत साहेबांकडे नेला. साहेबांनी ड्राफ्टवर छापलेल्या नंबरावर फोन केला नाही. आपल्या बँकेच्या यादीतून त्या शाखेचा नंबर काढून लावला. या नंबरचा ड्राफ्ट तिकडून निघालेलाच नव्हता. मग त्यांनी कागदावरच्या पिवळ्या डागाकडे बोट दाखवलं.

"हे काय आहे?"

"हळद," मी म्हटलं.

"पूजा केलीत?"

"घरमालकांनी केली."

ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. गाडी गेली का, एवढंच त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर खुर्चीत मागे टेकले. पोलीस चौकीत कागद द्यायला गेलो, तेव्हा तिथे कळलं की त्याच दसऱ्याला दुसऱ्या एकाची गाडी अशीच गेली होती. त्याने आपट्याची पानं घेतली होती.

घरमालकांना सांगितलं तेव्हा ते ओट्यावर बसूनच राहिले. "आमी तर त्येला हळद-कुंकू वाहिलं वो," एवढंच म्हणाले. पुढे किती दिवस ते माझी नजर टाळत होते. ऑफिसमध्ये मात्र माझं कौतुक झालं. शेजारच्या मुलीने सगळ्यांना सांगितलं की सरांनी कसं शांतपणे ओळखलं, कशी बँक उघडेपर्यंत किल्ली दिली नाही. लोक मला येऊन विचारायचे, ड्राफ्ट कसा तपासायचा. मी सांगायचो. ज्या शाखेचा आहे त्या शाखेतून खात्री करा, फोन नंबर स्वतः शोधा, सुट्टीच्या दिवशी व्यवहार करू नका. ते मान हलवायचे. बाकीचं मी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी ते त्यांच्या काय कामाचं होतं.

एक गोष्ट मात्र टोचत राहिली. त्याने सीट का हलवली नव्हती, ते आता कळलं होतं. त्याला ती गाडी चालवायचीच नव्हती. तो फक्त ती नेऊन पुढे विकणार होता.

दिवाळीनंतर कोळवणहून एक जोडपं आलं. ती चाळिशीची, नऊवारी नेसणाऱ्या घरातली पण स्वतः पंजाबी ड्रेसमध्ये. घरचे तांदूळ आणि भाज्या कोथरूडच्या सोसायट्यांमध्ये नेऊन विकायची. जीपवाल्यांच्या मागे धावून कंटाळली होती. मी तिच्या नवऱ्याला गाडीची माहिती सांगायला लागलो तर तो मागे सरला.

"मला न्हाई येत. हिलाच इचारा. मी आपला शेजारी बसतोय."

मी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं असणार.

तिने भाव केला, टायरला लाथही मारली. मग म्हणाली, "पैसं हितं नगं. पौडला बँकेत चला. तुमच्या खात्यात पडल्यालं बगा, मंग किल्ली द्या. आमालाबी नीट पायजे नि तुमालाबी." पौडच्या त्या बँकेत माझ्या बायकोचा पगार जमा व्हायचा, आणि ते खातं आमच्या दोघांच्या नावावर होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही काउंटरपुढे उभे राहिलो. कोळवणच्या बाईंच्या खात्यातून पैसे आमच्या खात्यात आले, माझ्या समोर, बँक उघडी असताना, साध्या कामाच्या दिवशी. त्याच काउंटरवरून मी ते अंबाजोगाईला पाठवले. मग सह्या केल्या आणि खिशातून किल्ली काढून दिली. गाडी नेऱ्यातच उभी होती, म्हणून आम्ही तिघं एसटी आणि जीप करत माघारी आलो.

तिने दार उघडलं. उशी उचलून माझ्या हातात दिली. मग खाली हात घातला, खटका दाबला, आणि सीट मागे ढकलली. मोठा आवाज झाला. एकदा बसून पाहिलं, आणखी एक घर मागे घेतली, आरसा वळवला. मी उशी धरून उभा होतो. घरमालक ओट्यावरून बघत होते. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना. मी ते पुसलं नाही.

तिचा नवरा डावीकडे जाऊन बसला आणि त्याने दार ओढलं. ते लागलं नाही. लागणारच नव्हतं. मी फिरून त्याच्या बाजूला गेलो. गाडीबद्दल मला एवढीच एक गोष्ट माहीत होती, आणि ती विचारणारं गिऱ्हाईक मला आजवर भेटलं नव्हतं.

"हे दार आधी थोडं वर उचलायचं," मी त्याला सांगितलं, "आणि मग ओढायचं."

त्याने तसं केलं. दार लागलं.